पोरीला हेल्पर करायचंय का?

पत्र थोडक्यात असं आहे. कळव्याच्या एका अनुदानित मराठी शाळेतल्या शिक्षिका लिहितात: "शाळेला जोडून कला आणि वाणिज्य शाखेचं कनिष्ठ महाविद्यालय आहे. करिअर मार्गदर्शनाचं काम तीन वर्षांपासून माझ्याकडे आहे. दरवर्षी जानेवारीत एखाद्या क्लासचे सर येतात, पडद्यावर तक्ते दाखवतात, जाताना माहितीपत्रकं वाटतात. यंदा मी आमचा एक माजी विद्यार्थी बोलावला. तो आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालाय, सध्या रबाळ्याच्या एका कंपनीत अप्रेंटिस आहे. मुलांनी त्याला तासभर सोडलं नाही. आठवड्याने दहावीतली एक मुलगी येऊन म्हणाली, मलाही हेच शिकायचंय. सराव परीक्षेत तिला ८४ टक्के आहेत. मी तिला आयटीआयची आणि शिकाऊ उमेदवारीची माहिती दिली. दोन दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. ते स्वतः कंपनीत कंत्राटावर हेल्पर आहेत. सगळ्या स्टाफरूमसमोर म्हणाले, 'पोरीला हेल्पर करायचंय का? तुमचा मुलगा कुठं शिकतो ते सांगा आधी.' माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे, इंजिनिअरिंगच्या क्लासला जातो. मला उत्तर देता आलं नाही. मुख्याध्यापक म्हणतात, पुढच्या वर्षी नेहमीच्या सरांनाच बोलवा. सहकारी म्हणतात, हे सांगायचंच तर कच्च्या मुलांना सांगा. मी गरिबाच्या मुलांना खालच्या पायरीवर बसवतेय का? हे सगळं थांबवू का?"

ताई,

वडिलांचा प्रश्न तुम्हाला झोंबला, कारण तो खरा होता. म्हणून तिथूनच सुरुवात करतो. तुमचा मुलगा इंजिनिअरिंगच्या क्लासला जातो यात लाजण्यासारखं काही नाही. पण आजवरच्या शिक्षणात त्याला एखाद्या अप्रेंटिसशी तासभर बोलायला मिळालंय का? बहुतेक नसेल. घोडबंदर रोडच्या मोठ्या शाळांमध्ये हा विषय कोणी काढत नाही आणि कळव्याच्या शाळेत काढला की तो 'तुमच्यासाठी हेच' असा ऐकू येतो. त्या वडिलांना तेच ऐकू आलं. तुम्ही तसं म्हणाला नव्हतात, तरी आलं.

तेव्हा आधी तुमच्या मुलाला त्या माजी विद्यार्थ्यासमोर बसवा. कुणाला दाखवायला म्हणून नको, त्याला स्वतःला उपयोग होईल म्हणून. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे आणि १९७३ च्या दुरुस्तीपासून त्यात पदवी आणि पदविका घेतलेले अभियंतेही येतात. म्हणजे तुमचा मुलगा इंजिनिअर झाला तरी वर्षभर अप्रेंटिस म्हणून कंपनीत जाऊ शकतो. आपल्या टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या आणि तळोज्याच्या केमिकल कंपन्यांना लागणारा एक ट्रेड आहे, अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट. सगळे त्याला एओसीपी म्हणतात. त्या ट्रेडला आयटीआयची मुलं असतात, तशी बीएस्सी झालेलीही असतात. एकाच प्लांटवर, एकाच रंगाच्या बॉयलर सूटमध्ये, दोघंही शिकाऊ. अप्रेंटिस म्हणजे दहावीला अडखळलेला मुलगा, हे चित्र आपण शाळांनीच काढलंय.

त्यात माझाही हात आहे. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिल्प निदेशक, म्हणजे शिकवणारा होतो. दहावीच्या परीक्षेआधी शाळाशाळांतून आयटीआयची माहिती द्यायला जायचो. एका शाळेत हॉलमध्ये पस्तीसेक मुलं बसवली होती. मी नेहमीप्रमाणे बोललो, ट्रेड सांगितले, फी सांगितली. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, अ तुकडीला का नाही बोलावलं?" मी त्याला वेळेची अडचण वगैरे काहीतरी सांगितलं. त्याला ते पटलं नाही, मलाही नाही. त्या हॉलमधली मुलं निवडून आणलेली होती आणि का निवडली होती हे त्यांना पक्कं कळलं होतं. मी जे काही चांगलं सांगितलं ते त्यांच्या कानावर 'उरलेल्यांची सोय' म्हणून पडलं. तरीही पुढची काही वर्षं मी तसाच जात राहिलो, कारण शाळा तशाच बोलवत राहिल्या. आज पुन्हा तशी वेळ आली तर मी दारातूनच परत फिरेन.

म्हणून सहकाऱ्यांचा सल्ला मनावर घेऊ नका. 'कच्च्यांना सांगा' हे कच्च्या मुलांच्याही भल्याचं नाही. फिटरला टेपर काढताना त्रिकोणमिती लागते, इलेक्ट्रिशियनला थ्री फेजचं गणित लागतं, ट्रेड थिअरीचा पेपर असतो. गणिताला घाबरणारं मूल 'हाताचं काम आहे, जमेल' म्हणून तिकडे ढकललं, तर ते तिथंही मागे पडतं आणि या वेळी त्याला वाटतं की आता आपल्याला काहीच जमत नाही.

कुणाला काय जमेल हे मार्कांवरून ओळखता येत नाही, एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगतो. फिटरच्या पहिल्या काही आठवड्यांत काय असतं? लोखंडाचा एक चौकोनी तुकडा. तो व्हाइसमध्ये पकडायचा आणि कानस मारत बसायचं. मग तुकडा काढायचा, काटकोन तपासायला गुण्या लावायचा आणि खिडकीकडे तोंड करून डोळ्यांसमोर धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून उजेडाची रेघ दिसली की परत व्हाइसमध्ये. कधी अख्खा दिवस या रेघेमागे जातो. तळहाताला फोड येतात. ऐंशी टक्क्यांची मुलं तिसऱ्या दिवशी कंटाळून सोडताना पाहिली आणि ऐंशी टक्क्यांचीच मुलं ती रेघ घालवल्याशिवाय जेवायला उठत नाहीत हेही पाहिलं. पन्नास टक्क्यांच्या मुलांतही दोन्ही प्रकार होते. ज्याने कानस हातात धरलेली नाही, त्याला आपण यातले कोण हे कसं कळणार? आणि आपण त्याला पंधराव्या वर्षी निवडायला सांगतो.

मला वाटतं तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हा आहे. मार्गदर्शन म्हणजे माहिती सांगणं, असं आपण धरून चाललोय. आठवतं का, २०१६ पासून काही वर्षं राज्य मंडळ दहावीच्या मुलांची कल चाचणी घ्यायचं. हेतू चांगला होता. मुलांच्या हातात कागद यायचा, त्यावर वाणिज्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा असे शब्द असायचे. पण तांत्रिक कल आला म्हणजे उद्या सकाळी उठून काय करायचं, कुणाला भेटायचं, हे त्या कागदाला सांगता येत नव्हतं. तुमच्या माजी विद्यार्थ्याने ते तासाभरात सांगितलं. मुलांनी त्याला काय काय विचारलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी अंदाज करू शकतो: किती वाजता निघतोस, हातात किती येतात, शॉक बसला का, साहेब ओरडतो का, मुली आहेत का तिथं. क्लासच्या सरांना हे प्रश्न कोणी विचारत नाही, कारण उत्तर त्यांच्याकडे नाही हे मुलांना दिसतं.

अप्रेंटिसला बोलावण्यात मोठी गोष्ट ही आहे की तो मुलांपेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठा असतो. तो अजून शिकतोय. पंचवीस वर्षं नोकरी केलेला माणूस यशाची गोष्ट सांगतो, अप्रेंटिस काल काय चुकलं ते सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये सक्तीचं शिक्षण संपल्यावर साधारण दोन तृतीयांश मुलं शिकाऊ उमेदवारीत जातात, पण त्याआधी शाळेत असतानाच ती काही दिवस एखाद्या कामाच्या जागी काढून येतात. त्याला त्यांचा जर्मन शब्द आहे श्नुपरलेअर. श्नुपर्न म्हणजे हुंगणं. आधी वास घेऊन बघायचा, मग ठरवायचं. इंग्लंडमध्ये तर २०१८ पासून शाळांवर कायद्यानेच बंधन आहे की तांत्रिक शिक्षण आणि शिकाऊ उमेदवारी देणाऱ्या संस्थांना मुलांशी बोलू द्यायचं, कारण तिथल्या शाळाही मुलांना फक्त कॉलेजचाच रस्ता दाखवत होत्या. आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना १० दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे नेण्याची तरतूद आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना याचा आधार घ्या. तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात.

आता वडिलांकडे येतो. त्यांचा राग मला चुकीचा वाटत नाही.

सकाळी सहाच्या सुमारास ठाणे स्टेशनच्या ९-१० नंबर फलाटावर उभं राहून बघा. ऐरोली, रबाळे, घणसोलीकडे निघालेली माणसं. पाठीवर सॅक, सॅकमध्ये डबा, पायात सेफ्टी शूज. यातला परमनंट कोण, कंत्राटी कोण, अप्रेंटिस कोण, हे आपल्याला ओळखता येत नाही. आत गेल्यावर मात्र सगळं कळतं. कंत्राटदार बदलतो, गेटपास बदलतो, माणूस त्याच मशीनवर त्याच जागी असतो. मशीनचा आवाज बदलला की बेअरिंग जायला आलंय हे त्याला ऑपरेटरच्या आधी कळतं. पण त्याला काय काय येतं हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसतं. उद्या कंपनी बंद पडली तर दुसऱ्या गेटवर तो पुन्हा नवा हेल्पर. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. तिथल्या कितीतरी शेड गेल्या आणि ऑफिसांच्या काचेच्या इमारती आल्या. ठाण्यातल्या किती घरांत कंपनी बंद पडण्याची आठवण आहे, हे तुम्हाला पालकांच्या फॉर्मवरचा 'व्यवसाय' रकाना बघून माहीत असेल. त्या वडिलांना मुलीच्या हातात पाना नको आहे, कारण पान्याने त्यांना काय दिलं ते त्यांनी भोगलंय.

त्यांना सांगायला तुमच्याकडे एकच गोष्ट आहे, पण ती वजनदार आहे. हेल्परच्या कामाचा कागद नसतो, अप्रेंटिसचा असतो. कंपनी आणि शिकाऊ उमेदवार यांच्यात करार होतो, तो सरकारच्या पोर्टलवर नोंदला जातो, त्यात ट्रेडचं नाव असतं, मुदत असते, विद्यावेतन असतं. काय शिकवायचं याचा अभ्यासक्रम असतो. शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. ते दुसऱ्या कंपनीत चालतं, दुसऱ्या राज्यात चालतं. रेल्वेच्या लेव्हल १ च्या, म्हणजे सुरुवातीच्या पातळीवरच्या पदांच्या भरतीत २० टक्के जागा रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी असतात, आणि मध्य रेल्वे परळ-माटुंग्याच्या वर्कशॉपला, कल्याण-कुर्ल्याच्या शेडला आयटीआय झालेली मुलं अप्रेंटिस म्हणून घेते. तुमची मुलं रोज कळवा कारशेडच्या बाजूने येतात-जातात. आतल्या गाड्या कोण दुरुस्त करतं आणि ते तिथं कसे पोचले, हे वर्गात कधी निघालंय का?

हे सांगताना दुसरी बाजूही त्याच आवाजात सांगा. अप्रेंटिस हा कायद्याने कामगार नाही, शिकणारा आहे. मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचं कंपनीवर बंधन नाही. पीएफ वगैरे त्याला लागू होत नाही. आणि काही ठिकाणी अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हेल्पर असाच हिशोब असतो. वर्षभर पॅकिंगला उभं करतात आणि शेवटी ट्रेडचं नाव लिहून मोकळे होतात. माझ्या हाताखालून गेलेली मुलं रडवेली होऊन असं सांगायला आली आहेत. तुम्ही हे लपवलंत आणि वडिलांनी कंपनीत ते डोळ्यांनी पाहिलेलं असलं, तर तुमचं बाकीचं खरंही त्यांना खोटं वाटेल.

म्हणून मुलांना चांगली जागा ओळखायला शिकवणं हाही मार्गदर्शनाचाच भाग धरा. अप्रेंटिस म्हणून घेतो म्हणणाऱ्याने एक रुपया जरी मागितला तरी उठून यायचं. शिकाऊ उमेदवाराकडून पैसे घ्यायचे नसतात, त्याला द्यायचे असतात. करार पोर्टलवर नोंदला का, आपल्या हातात प्रत आली का, हे पहिल्याच महिन्यात बघायचं. करारात लिहिलेला ट्रेड आणि दिलेलं काम जुळतंय का हे रोज वहीत लिहायचं: तारीख, काय केलं, कोणी शिकवलं. ही वही मी माझ्या प्रत्येक बॅचला सक्तीची केली होती आणि तक्रारीच्या वेळी तीच उपयोगी पडली. विद्यावेतन बँकेत जमा झालं पाहिजे. सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे. आणि सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे मागच्या बॅचचं मूल गाठून विचारायचं, "तू काय शिकलास ते सांग." त्याला सांगण्यासारखं काही नसेल तर दुसरी कंपनी शोधायची. अडचण आली तर आयटीआयमधल्या बीटीआरआय विभागात जायचं, तिथं या करारांचंच काम चालतं.

विद्यावेतनाचे आकडेही फळ्यावर लिहा, मुलांना आकडे आवडतात. २०१९ च्या नियमांनुसार महिन्याला कमीत कमी दहावीवाल्याला ६,०००, आयटीआयवाल्याला ७,०००, डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये. कंपनी जास्त देऊ शकते, आणि चालू दर पोर्टलवर बघूनच लिहायचे. शेजारी दुसऱ्या रकान्यात लोकलचा पास, डबा, बूट यांचा खर्च लिहा. एवढ्यावर घर चालत नाही हे मुलांना फळ्यावरच दिसू दे.

पुढच्या वर्षी काय करायचं ते सांगतो. क्लासच्या सरांना बंद करू नका, मुख्याध्यापकांशी त्यावरून वाद नको. फक्त ते एकटे नसावेत. नववी आणि दहावीच्या सगळ्या तुकड्या, अ पासून शेवटच्या तुकडीपर्यंत, एकत्र. पाहुणे तीन: एक आयटीआय करून अप्रेंटिस झालेला, एक डिप्लोमा किंवा पदवीनंतर अप्रेंटिस झालेला आणि एक मधेच सोडून आलेला. तिसरा शोधायला कष्ट पडतील, पण शोधा. त्याच्याकडून मुलं जे शिकतील ते बाकी दोघांकडून नाही शिकणार. तिघांत निदान एक मुलगी असू द्या. भाषण कुणाचंच नको. दहा मिनिटं ओळख, मग प्रश्न. आणि एक विनंती, शिक्षकांनी मधे बोलू नये. 'छान प्रश्न' म्हणायचाही मोह आवरा.

त्यानंतर जागेवर नेणं. कंपनीपेक्षा आधी वागळे इस्टेटच्या रामनगरला शासकीय आयटीआय आहे, तिथून सुरुवात करा. प्राचार्यांना पत्र दिलं की वर्कशॉप दाखवायला सहसा ना नसते. साठ मुलं एका वेळी नेऊ नका. पंधराच्या वर गेलं की ती सहल होते. पालकांचं संमतीपत्र, पायात बंद बूट, केस बांधलेले, ओढणी नको. आत गेल्यावर 'सगळं बघून या' असं सांगायचं नाही. प्रत्येक मुलाने एका माणसाजवळ अर्धा तास उभं राहायचं आणि तो काय करतो ते क्रमाने लिहायचं. परत आल्यावर ते लिखाण वर्गात वाचायचं. मराठीचा तास यासाठी मागून घ्या. एका मुलाने एकदा मला लिहून दाखवलं होतं की वेल्डिंग करणाऱ्या माणसाने अर्ध्या तासात नऊ वेळा काम थांबवून फक्त बघितलं. कामात बघण्याला इतका वेळ जातो हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

कंपनीला फोन करताना उपकार मागतोय असं मनात आणू नका. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. ऐरोली-महापे-तुर्भे पट्ट्यात अशा किती असतील विचार करा. दर वर्षी त्यांनाही चांगली मुलं शोधायची असतातच. मुलं अठराच्या आतली आहेत म्हणून प्लांटच्या आत सोडायला काही कंपन्या नाही म्हणतील, ते बरोबरच आहे; मग त्यांच्या ट्रेनिंग सेंटरपुरतं बघायला मागा किंवा दोन अप्रेंटिसना अर्ध्या दिवसासाठी शाळेत पाठवायला सांगा.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या मुलांना विसरू नका. वाणिज्यच्या मुलांना वाटतं की अप्रेंटिस म्हणजे मशीन. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मशीनपलीकडच्या कामांनाही शिकाऊ उमेदवारी आहे: बँका, रिटेल, लॉजिस्टिक्स. उरणचं बंदर आणि आता नवी मुंबईचा विमानतळ धरला तर मालवाहतुकीचं काम आपल्या दारातच आहे. पदवीतच शिकाऊ उमेदवारी जोडलेले अभ्यासक्रमही आता विद्यापीठं काढू लागली आहेत. बारावीच्या मुलांनी कॉलेज निवडताना ते विचारून घ्यावं.

आता त्या मुलीबद्दल, कारण बाकी सगळं पुढच्या वर्षीचं आहे, तिचा निर्णय यंदाचा आहे.

तिला नेमकं काय आवडलं हे तुम्ही विचारलंत का? विजेचं काम आवडलं, की तो मुलगा ज्या ठामपणे बोलत होता ते आवडलं, की लवकर हातात पैसे येतील हे आवडलं? तिन्हींची वाट वेगळी आहे. काम आवडलं असेल आणि ८४ च्या आसपास मार्क पडले, तर आयटीआय हा एकच रस्ता नाही. पॉलिटेक्निकचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा तीन वर्षांचा आहे, त्यानंतर टेक्निशियन अप्रेंटिस होता येतं आणि डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. आयटीआयला गेली तर दोन वर्षं ट्रेड, एक वर्ष शिकाऊ उमेदवारी, आणि हवं तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. डिप्लोमा करायचाच असं तिने आताच ठरवलं असेल तर पॉलिटेक्निक जवळचं पडतं, हे मी आयटीआयचा माणूस असूनही सांगतो. पण घरची ओढाताण असेल, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कमवायला लागणं भाग असेल, तर आयटीआयने तिचं पुढचं शिक्षण बंद होत नाही. दहावीनंतर लगेच थेट कंपनीत अप्रेंटिस म्हणून जाऊ नये असं माझं मत आहे. हातात काही नसताना गेलेलं मूल पॅकिंगला उभं राहतं. आणि पैशांची घाई हे एकच कारण असेल, तर आधी फी आणि शिष्यवृत्तीचं बोला.

अकरावीचे, पॉलिटेक्निकचे आणि आयटीआयचे प्रवेश वेगवेगळे ऑनलाइन होतात. तिन्हींचे फॉर्म भरून ठेवा. वडिलांना हे सांगा की आज कुठलंच दार बंद करायचं नाही. त्यांच्यासमोर बसताना त्यांची बाजू आधी तुम्हीच मांडा: "तुम्ही हेल्पर म्हणून जे काढलं ते तिच्या वाट्याला येऊ नये, हे बरोबर आहे." मग मुलाबद्दल विचारलं होतं त्याचंही उत्तर द्या, सरळ द्या. तो क्लासला जातो आणि त्यालाही मी त्या अप्रेंटिसशी भेटवलं, असं म्हणता आलं तर फार बरं.

आणि आयटीआय बघायला जाल तेव्हा त्यांनाही बोलवा. एक दिवसाचा खाडा त्यांना परवडणार नाही, तर त्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा वार आधी विचारून घ्या आणि भेट त्याच दिवशी ठरवा. टीटीसीत बऱ्याच ठिकाणी रविवार सोडून दुसऱ्या वारी सुट्टी असते, त्यामुळे आयटीआय चालू असलेला दिवस जमून जाईल. तिथं इलेक्ट्रिशियनच्या वर्कशॉपमध्ये पॅनलचं वायरिंग करणारी एखादी मुलगी असेल, तिच्याजवळ बापलेकीला अर्धा तास उभं करा. काय चाललंय ते तुम्ही समजावू नका. कंपनीत इतकी वर्षं काढलेला माणूस आहे, पॅनल बघून मुलीला काय सांगायचं ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.